भाऊसाहेबांचे हत्ती, यमुनाबाईंची भिंत

संपादकांनी फोनवर सांगितलं, "तुमचा कलाप्रवास लिहा." मी लगेच हो म्हणालो आणि फोन ठेवल्यावर मंदाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, विचारलं की कलाप्रवास म्हणजे नेमकं काय लिहायचं असतं. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, त्यात काय एवढं! स्कूटरला डबे बांधून देवळ्याकडं गेलात आणि चुकीच्या घरात शिरलात, तेवढंच लिहा. बाकी सगळं त्यात आलं."

बाईमाणसाला आपल्या आयुष्याचा सारांश इतक्या चटकन सांगता येतो याचा मला थोडा राग आला. पण दोन दिवस कागद पुढे घेऊन बसलो आणि लक्षात आलं की ती म्हणते तेच खरं आहे.

हल्ली मी गंगापूर रोडवरच्या मोठाल्या इमारतींच्या आत-बाहेर भिंतींवर चित्रं काढतो. लोक त्याला म्युरल म्हणतात, माझ्या नावाआधी चित्रकार लावतात, उद्घाटनाला शालही देतात. पण त्याआधी सव्वीस वर्षं मी दत्तू पेंटर होतो आणि माझा धंदा होता लग्नाच्या भिंती रंगवायचा.

शहरातल्या वाचकांना हे सांगावं लागेल. आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यांत लग्न ठरलं की घराची दर्शनी भिंत रंगवायची पद्धत. मधोमध गणपती. दोन्ही बाजूंना माळ घेतलेले हत्ती. दाराच्या दोन अंगांना दंड धरलेले चोपदार. मग केळीचे खुंट, मोर, कलश, घोडा. वरती कमानीत 'शुभविवाह' आणि खाली फुलांच्या चौकटीत दोन नावं, 'चि.' अमुक आणि 'चि. सौ. कां.' तमुक. भिंत रंगली म्हणजे ते लग्नघर झालं. पुढं वर्षभर, कधी कधी दहा वर्षं, त्या नावांखाली कडबा रचलेला दिसतो, पण नावं पुसत नाहीत.

हे सगळं मी हातानं काढत होतो असा कुणाचा समज असेल तर तो काढून टाकतो. माझ्या उस्तादांनी मला सात खाके दिले होते. खाका म्हणजे चित्राच्या रेषेवर सुईनं बारीक भोकं पाडलेला जाड कागद. तो भिंतीला धरायचा, नीळ भरलेली फडक्याची पुरचुंडी त्यावर हळूहळू आपटायची आणि कागद काढून घ्यायचा. भिंतीवर ठिपक्यांचा हत्ती उभा. खाका उलटा धरला की दुसऱ्या बाजूचा हत्ती. ठिपके जोडा, रंग भरा, चहा प्या. सव्वीस वर्षांत मी हजारभर हत्ती काढले असतील, पण त्यातला एकही मी काढला नव्हता. ते सगळे उस्तादांचेच होते.

लहानपणी मला चित्रकार व्हायचं होतं. आमची मखमलाबादला फुलशेती, झेंडू आणि गुलाब. वडील म्हणायचे, "फुलं काढायचीच आहेत तर शेतातली काढ." शाळेत चित्रकलेच्या परीक्षेला बसलो आणि नापास झालो. त्या परीक्षेत नापास होणारा आमच्या वर्गात मी एकटाच. मग मी स्वतःच ठरवून टाकलं की आपल्याला खाका असेल तरच जमतं. हा समज पुढं इतकी वर्षं टिकला की मंदानं एकदा तिच्या आईचं चित्र काढायला सांगितलं, तर मी म्हणालो, "खाका कुठाय?" त्यानंतर ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नग भेटली. सिन्नरकडच्या एका मामांनी अट घातली की दोन्ही चोपदारांना त्यांच्या मेहुण्याचं तोंड लावायचं. कारण विचारलं तर म्हणाले, "आयुष्यात एकदा तरी तो माझ्या दारात उभा राहू दे." मी म्हटलं, तोंड वेगळं येणार नाही, खाका एकच आहे. मग त्यांनी स्वतःच दोन्ही चोपदारांना कोळशानं चष्मे काढले आणि समाधान मानलं. एका ठेकेदाराला हत्तींच्या जागी दोन जेसीबी हवे होते, माळ घेऊन उभे. ते मी काढून दिले, म्हणजे जेसीबी त्याच्या पोरानं काढले आणि मी माळा घातल्या. वणीकडच्या एका निवृत्त गुरुजींनी ओळंबा घेऊन माझे केळीचे खुंट तपासले आणि डावा खुंट अर्धा इंच कलतोय म्हणून पुन्हा करायला लावला. शेजारी त्यांचं घरच दोन इंच कललेलं होतं, पण ते बोलायची माझी हिंमत झाली नाही.

मग फ्लेक्स आले. नवरदेवाचा गॉगल लावलेला फोटो, त्याच्याभोवती गावातल्या पंचवीस शुभेच्छुकांची तोंडं, आणि हे सगळं एका तासात छापून तयार. माझा धंदा शहराच्या आजूबाजूनं आटत आटत पार देवळा, सटाण्याकडं गेला. तिकडं अजून भिंत रंगल्याशिवाय हळद लावत नाहीत अशी घरं होती. म्हणून त्या उन्हाळ्यात देवळ्याजवळच्या एका गावातून भाऊसाहेब आहेरांचा फोन आला तेव्हा मी ऐंशी-नव्वद किलोमीटर स्कूटर मारायला एका पायावर तयार झालो.

भाऊसाहेब घरच्या सगळ्यांना घेऊन बस्ता बांधायला मालेगावला निघाले होते. बस्ता म्हणजे लग्नाची कापडखरेदी, आणि ती करायला घरातलं मांजरसुद्धा मागं राहत नाही. जीपमधूनच ते ओरडून सांगत होते, "मारुतीच्या पाराजवळ या. निळ्या दाराचं घर. भिंतीला ताजा चुना दिलेला हाय. घरी कुणी नाय. कुणाला इचारू नका, सुरू करा! नावं मी आल्यावर सांगतो, पत्रिका अजून छापायची हाय."

गुरुवारी दुपारी पाराजवळ पोचलो. निळं दार, ताजा चुना. मला काय ठाऊक, की भाऊसाहेब आणि त्यांच्या चुलतभावाची वाटणी झाली तेव्हा एकाच सुतारानं, एकाच लाकडाची, एकाच निळ्या रंगाची दोन दारं केली होती आणि दुसरं निळं दार पाराच्या पलीकडच्या अंगाला होतं?

फरक एकच होता. भाऊसाहेबांच्या घरी कुणी नसणार होतं आणि इथं ओट्यावर साठी उलटलेल्या एक बाई कांद्याची पात कापत बसल्या होत्या. मला वाटलं, राखण ठेवलेली म्हातारी असेल.

"मावशी, लग्नाची भिंत रंगवायला आलोय," मी म्हणालो.

त्यांचा विळा थांबला. माझ्याकडं, मग स्कूटरच्या डब्यांकडं, मग भिंतीकडं बघितलं. मग म्हणाल्या, "रंगव की भाऊ. पानी घे आधी."

त्या दिवशी मला तीनदा चहा मिळाला, वर शेवयांची खीर. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण रंगाऱ्याला खीर कुणी देत नाही. संध्याकाळपर्यंत गणपती, हत्ती, चोपदार, मोर सगळे उभे राहिले. नावांची चौकट तेवढी उरली. भाऊसाहेबांचा फोन लागेना. मी म्हटलं, "मावशी, नवरदेवाचं नाव तरी तुम्हाला माहीत असेल."

"मना पोऱ्यानं नाव योगेश शे," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला.

बागलाणकडची माणसं बोलताना अहिराणी मध्येच डोकावते, त्यामुळं मला काही वावगं वाटलं नाही. त्याच नवरदेवाच्या आई आहेत एवढं कळलं आणि राखण समजल्याबद्दल मनातल्या मनात माफी मागितली. लाल ऑइल पेंटमध्ये झोकदार 'चि. योगेश' लिहिलं.

"आणि मुलीचं?"

"ते राहू दे रिकामं. मग भरू."

यातही मला काही विशेष वाटलं नाही. लग्नात मुलीचं नाव बदलतात, नवीन नावावरून आत्या आणि मावश्यांची आठ-आठ दिवस भांडणं चालतात, तोवर पेंटर चौकट रिकामी सोडतो. मी ब्रश धुवायला बसलो.

तेवढ्यात कांद्याची ट्रॉली बाजारात रिकामी करून योगेश ट्रॅक्टरवरून घरी आला. तेहतीस-चौतीस वर्षांचा, उन्हानं काळवंडलेला, तसा शांत दिसणारा गडी. त्यानं ट्रॅक्टर बंद केला आणि तो सीटवरच बसून राहिला. आपल्याच घराच्या भिंतीवर आपलंच लग्न बघून माणसाचं जे होईल ते त्याचं झालं.

"आई, हे काय हाय?"

"पेंटर आला होता," त्या म्हणाल्या.

"कुणी बोलावला?"

"आपापला आला."

त्याच क्षणी माझा फोन वाजला. भाऊसाहेब. बस्त्याहून परत आले होते आणि पाराच्या पलीकडून ओरडत होते, तेही फोनवर, त्यामुळं मला ते दोन्ही कानांनी ऐकू येत होतं. "पेंटर, दिवसभर काय झोपला होता का? माझी भिंत कोरी हाय!"

त्यानंतर योगेश मला जे बोलला ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. ते ऐकताना मला खरी गोष्ट समजली. येत्या रविवारी सटाण्याकडची माणसं घर बघायला येणार होती. म्हणूनच तो ताजा चुना. मुलगी शिकलेली, नाशिकला रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला. योगेशला याआधी अकरा स्थळांनी नकार दिला होता, शेतकरी नवरा नको म्हणून. आता बाराव्या स्थळाची माणसं ओट्यावर पाय ठेवणार आणि समोर भिंतीवर लग्न लागलेलं, मुलीच्या नावाची जागा रिकामी! सरकारी फॉर्मवर असते तशी, नाव येईल तेव्हा भरा.

"आत्ताच्या आत्ता चुना फास," तो म्हणाला.

"तेलाच्या रंगावर चुना बसत नाही हो."

"मग पांढरा ऑइल पेंट मार."

"लाल रंग पांढऱ्यातून गुलाबी होऊन वर येतो. रविवारी तुमचं नाव गुलाबी दिसेल."

"गणपती तर कुणी पुसायचाच नाय," यमुनाबाई आतून म्हणाल्या. "डोळे रेखलेला गणपती हाय. त्याला पुसलं तर लग्न सोड, पाऊस बी पडायचा नाय." यमुनाबाई हे त्यांचं नाव मला त्या गोंधळात कळलं.

योगेश पायरीवर बसला. राग संपला होता. खालच्या आवाजात म्हणाला, "पेंटर, एवढं एक स्थळ हाय. हे गेलं तर मी पुन्हा नाय बघणार. आईला सांगून टाकलंय."

मला माझी लाज वाटली. धंद्यात चुका होतात. एकदा मी 'शुभविवाह'मधला 'वि' विसरलो होतो, तो नंतर भरला. पण ही चूक एका माणसाच्या अख्ख्या आयुष्यावर काढली गेली होती, तीही तेलाच्या रंगात. मी म्हणालो, "रविवारपर्यंत हे लग्न दिसणार नाही. माझा शब्द." कसं करणार ते मला अजिबात माहीत नव्हतं.

रात्री गावच्या शाळेच्या ओसरीवर झोपलो आणि सकाळी भिंतीसमोर उभा राहिलो. गणपती ठेवायचा आणि लग्न घालवायचं. आधी हत्ती घेतले. हत्ती आणि कांद्याचा ढीग यांचा घेर साधारण सारखा असतो हे मला त्या दिवशी समजलं. दोन्ही हत्तींवर गुलाबी कांदे चढवले. 'शुभविवाह'ची कमान कांदा साठवायच्या चाळीचं पत्र्याचं छप्पर झाली. चोपदारांच्या दंडांचे बांबू केले आणि त्यांच्या खांद्यावर गोण्या दिल्या. पगड्या मात्र तशाच राहिल्या, कारण सोनेरी रंगावर दुसरा रंग धरेना. त्यामुळं तुरे लावलेले दोन मजूर आपल्या चाळीवर कामाला आहेत असं ते चित्र झालं. येणारे-जाणारे थांबून विचारायचे, "योगेश, मजुरी काय देतो रं यांना?"

शनिवारी दुपारपर्यंत दोनच गोष्टी उरल्या. लाल अक्षरातला 'चि. योगेश' आणि त्याच्या शेजारची रिकामी चौकट.

नावावर गडद काहीतरी यायला हवं होतं. योगेश समोरच ट्रॅक्टरवर बसून माझ्यावर पाळत ठेवत होता. मी म्हटलं, तसाच बसून राहा. खाका नव्हता. ट्रॅक्टरचा नव्हता, योगेशचा तर नव्हताच. तीनदा पुसलं, चौथ्यांदा त्याची बसण्याची ढब सापडली, एक पाय खाली, स्टिअरिंगवर कोपर. चेहरा चिडका आला, पण तो होताच चिडका.

मग चौकट. तिथं काय काढावं सुचेना. यमुनाबाई ओट्यावर त्यांच्या नेहमीच्या जागी बसून पात कापत होत्या. मी म्हटलं, "मावशी, तुम्हाला काढतो."

"माझं काय काढतो? म्हातारीचं!" असं म्हणत त्यांनी पदर नीट केला आणि जरा ताठ बसल्या.

काम करता करता मी विचारलं, "मावशी, खरं सांगा. गुरुवारी तुम्हाला कळलं नव्हतं, की मी चुकीच्या घरी आलोय?"

"कळलं होतं की. भाऊसाहेबाच्या पोराचं लगीन हाय, माझ्या नाय."

"मग मला बोलला का नाहीत?"

त्यांनी कांदा टोपलीत टाकला. "दर स्थळाला भिंतीला चुना देते मी. अकरा वेळा दिला, हा बारावा. भिंत जाड झाली भाऊ, पोऱ्या तसाच. त्या दिवशी तू आपल्या पायानं आला. म्हटलं, हाकलला तर निघून जाईल. पण एक दिवस तर घर लग्नघर होऊ दे."

ब्रश हातात तसाच धरून मी त्यांच्याकडं बघितलं आणि माझ्या धंद्यात मी पहिल्यांदा खरोखर बघितलं असं म्हणेन. हात कांद्यावर चालत होते, पण डोळे रस्त्यावर होते, गावात शिरणारी गाडी जिथून दिसते तिथं. ते डोळे मी काढले. कसे काढले ते मला अजून सांगता येणार नाही. पूर्ण झाल्यावर योगेश जवळ आला आणि बघत राहिला. मग गोठ्यात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

आजवर भिंतीच्या कोपऱ्यात मी 'दत्तू पेंटर' आणि मोबाइल नंबर लिहीत आलो होतो. त्या संध्याकाळी उजव्या कोपऱ्यात नुसतं 'दत्तात्रय' लिहिलं. नंबर नाही. मंदाला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मग गिऱ्हाईक काय देवाला फोन करणार?"

रविवारी मी निघून जायला हवं होतं. पण पाय निघेना. भाऊसाहेबांच्या भिंतीवर मापाची दोरी मारायचं निमित्त करून पाराजवळ घुटमळत राहिलो.

दहाच्या सुमारास जीप आली. मुलीचे वडील, मामा, एक ठसठशीत आत्या आणि खुद्द मुलगी, प्रियंका. वडील भिंतीसमोर थांबले. "वा! कांद्याच्या बागायतदाराचं घर शोभतंय," म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. चहा झाला, पोहे झाले, चाळ बघून झाली. आणि आत्याबाई भिंतीजवळ गेल्या.

"योगेशराव, हा कांद्याचा ढीग शेपूट का काढून उभाय?"

डाव्या हत्तीची शेपटी राहून गेली होती. योगेशचं तोंड उतरलं. त्यानं काहीतरी सांगायला तोंड उघडलं, इतक्यात पाराच्या पलीकडून भाऊसाहेब आले. बरोबर त्यांचे दोन भाऊ. तीन दिवस मनात दाबलेलं त्यांनी पाहुण्यांची भीड न ठेवता बाहेर काढलं. "यमुनावहिनी, माझे हत्ती कुठायत? माझ्या पोराच्या लग्नाचे हत्ती तुमच्या कांद्याखाली! माझे चोपदार तुमच्या गोण्या वाहतायत! हा काय न्याय झाला का?"

मुलीच्या वडिलांनी कप खाली ठेवला. "म्हणजे? इथं लग्नाची भिंत रंगवली होती? कुणाशी ठरलं होतं?"

मी पुढं झालो. "चूक माझी आहे. मी घर चुकलो."

"पेंटर चुकला, मी नाय," यमुनाबाई म्हणाल्या. त्या उभ्या राहिल्या होत्या. "मला ठाऊक होतं. तरी रंगवून घेतलं. पोऱ्याचं नाव लिहून घेतलं आनि मुलीची जागा ठेवली. कुणाचीच ठरवली नव्हती. जी येईल तिची. हसायचं तर हसा."

कुणी हसलं नाही. योगेश आईच्या शेजारी जाऊन उभा राहिला. "झाकायला मी लावलं. मला लाज वाटली म्हणून. आईला नव्हती वाटली."

मला तेव्हा वाटलं, संपलं. बारावं स्थळ माझ्यामुळं गेलं. प्रियंका इतका वेळ भिंतीकडंच बघत होती. तिनं मला विचारलं, "त्यांचं नाव कुठं होतं?"

"ट्रॅक्टरखाली."

"आणि रिकामी जागा?"

मी यमुनाबाईंच्या चित्राकडं बोट दाखवलं. तिनं चित्र बघितलं, बाईंकडं बघितलं, पुन्हा चित्र बघितलं. आत्याबाई मोठ्यानं म्हणाल्या, "विचार कर गं बाई. नवरीच्या जागेवर सासू आधीच बसलीय." त्यावर प्रियंका जी हसायला लागली ती थांबेचना. मग तिचे वडील हसले, मग मामा, आणि शेवटी भाऊसाहेबसुद्धा. ते मात्र हसता हसताही म्हणत होते, "पन माझे हत्ती?"

भाऊसाहेबांना सोमवारी नवीन हत्ती काढून दिले, नेहमीपेक्षा एक जास्त. आणि बुधवारी सटाण्याहून होकार आला. मुलीनं नोकरी सोडणार नाही एवढंच सांगितलं होतं. योगेश म्हणाला होता, "सोडू नका."

लग्नाला चार दिवस उरले तेव्हा यमुनाबाईंचा फोन. "पेंटर, ये. नाव लिही."

गेलो. योगेशचं नाव ट्रॅक्टरच्या बोनेटवर बसलं. प्रियंकाचं कुठं लिहायचं? वरती छप्पर, दोन्हीकडं कांदे, मध्ये गणपती. मी भिंतीसमोर शिडी इकडून तिकडं हलवत होतो. यमुनाबाईंनी माझी अडचण ओळखली.

"मला पुस की," त्या म्हणाल्या. "ती तिचीच जागा हाय."

मी पांढऱ्या रंगात ब्रश बुडवलासुद्धा. गिऱ्हाइकाचा शब्द मी कधी मोडला नव्हता. पण त्या डोळ्यांपर्यंत हात गेला आणि पुढं जाईना. ते चित्र मी स्वतः काढलं होतं. तसं दुसरं काही मी आयुष्यात काढलं नव्हतं आणि पुन्हा जमेल याची खात्री नव्हती.

मग मी शिडीवरून उतरलो आणि उजव्या कोपऱ्यातलं 'दत्तात्रय' पुसलं. तिथं आभाळाचा निळा रंग दिला आणि माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात 'प्रियंका' लिहिलं. एकदाच केलेली सही, महिनाभरही टिकली नाही. परत येताना पिंपळगावपर्यंत मला त्याचं वाईट वाटत होतं. यमुनाबाईंना त्यातलं काही कळलं नाही. त्या खीर आणायला आत गेल्या होत्या.

लग्नात वऱ्हाडातल्या प्रत्येकानं त्या भिंतीसमोर फोटो काढले आणि ते फोटो भराभर फोनांतून फिरले. मी पुन्हा माझ्या कामाला लागलो. फ्लेक्समुळं भिंती कमीच झाल्या होत्या, त्यामुळं पाटबंधारे खात्याच्या बंधाऱ्याच्या भिंतीवर 'पोहण्यास सक्त मनाई' लिहीत होतो, दोरीच्या झोपाळ्यावर, जमिनीपासून चाळीस फूट उंच. फोन वाजला. नाशिकचे एक आर्किटेक्ट बोलत होते. गंगापूर रोडला त्यांच्या नव्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर त्यांना शेतकरी बायकांचं मोठं चित्र हवं होतं. देवळ्याकडच्या एका घराचा फोटो त्यांनी बघितला होता, त्या कांदे कापणाऱ्या बाईचे डोळे मनातून जात नाहीत म्हणाले. चित्रकाराचं नाव फोटोच्या कोपऱ्यात वाचलं आणि त्या गावात चौकशी करून भिंत रंगवणाऱ्याचा नंबर मिळवला.

"चित्रकार प्रियंका यांचाच नंबर ना हा?" त्यांनी अदबीनं विचारलं. "मॅडम आहेत का?"

चाळीस फुटांवर मी एका हातानं दोरी घट्ट धरली.

"बोला," मी म्हणालो, "मीच प्रियंका."